मोकळ्या जागेवरची इमारत आणि शेजारणीचा अबोला

पत्र

मी निवृत्त शिक्षिका, वय ६९. बेळगावहून खानापूरकडे जाताना मच्छे ओलांडलं की रस्त्यापासून थोडी आत आमची ज्येष्ठांची वसाहत आहे. ४२ ट्विन बंगलो, सगळे दुमजली. २०१८ मध्ये बुकिंग केलं आणि पुढच्या वर्षी राहायला आलो. माझे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. त्यांना शहराचा गलबला नको होता.

वसाहतीच्या मधोमध एकरभर मोकळी जागा आहे. जुनं चिंचेचं झाड, भोवती फिरायची वाट, चार बाक. आता बिल्डरला तिथे पाच मजली इमारत बांधायची आहे, ४० फ्लॅटची. त्यांनी घरोघर संमतीपत्रं वाटली. या महिन्याच्या अखेरीपर्यंत सही करून द्या, उत्तर आलं नाही तर संमती समजू, असं त्यात छापलंय. आमच्यातल्या काहींनी त्यावर 'इमारत नकोच' असं विरोधपत्र फिरवलंय. मी अजून दोन्हींवर सही केलेली नाही. खरेदीपत्र कन्नडमध्ये असल्यानं त्यात काय लिहिलंय हे आम्ही आजवर नीट वाचलेलंच नाही.

तीन आठवड्यांपूर्वी सभा झाली. निम्मे बाजूनं, निम्मे विरोधात. शेजारच्या वैनी इमारतीच्या बाजूनं बोलल्या. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, मुलं परदेशात. गुडघ्यांमुळे त्या हल्ली गच्चीत दिसत नाहीत, खाली हॉलमध्येच दिवाणावर झोपतात. मी रागाच्या भरात म्हणून गेले, "ज्यांना फ्लॅटच हवा होता त्यांनी इथे यायचं तरी कशाला?" त्या उठून गेल्या. तेव्हापासून अबोला. सात वर्षं कुंपणावरून वाटी इकडून तिकडे जायची, ती थांबली. त्यात एका गृहस्थांनी सभेत "मराठी लोक सगळ्यालाच विरोध करतात" असं म्हणून वेगळाच भडका उडवला.

सही करू की नको? आणि वैनींशी कसं बोलू?

उत्तर

बाई, नमस्कार.

सहीचा प्रश्न तुम्ही आधी विचारलात आणि वैनींचा नंतर. मी उलट क्रमानं जाते. वैनींना काय हवंय हे कळल्याशिवाय सहीचं काय करायचं हे तुम्हाला ठरवता येणार नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वैनी खाली हॉलमध्येच दिवाणावर झोपतात, हे ते वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहून पुढे गेलात. मला तुमच्या सगळ्या वादाचं मूळ तिथे दिसतं. साठीत घेतलेलं दुमजली घर पंच्याहत्तरीत अर्धंच उरतं. वरची झोपायची खोली, वरची न्हाणी, गच्चीतली तुळस, कपाटातले यजमानांचे कपडे, सगळं जिन्याच्या पलीकडे जातं. घर मोठं आणि माणूस हॉलभर. अशा बाईनं "मला लिफ्ट असलेली दोन खोल्यांची जागा चालेल" म्हटलं, तर ती तुमच्या चिंचेच्या विरोधात बोलत नसते. मला पुन्हा नीट पलंगावर झोपू द्या, एवढंच ती म्हणत असते.

हे मला माझ्याच घरात शिकायला मिळालं. आम्ही टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. सासूबाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर तपासणीला न्यायचं म्हणजे त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि चौघांनी ती खुर्ची जिन्यावरून उतरवायची. प्रत्येक वळणावर त्या डोळे घट्ट मिटायच्या. बऱ्या झाल्या, काठी घेऊन घरात चालू लागल्या, तरी पुढची दोन वर्षं खाली उतरल्या नाहीत. "त्या खुर्चीत बसायला लागलं तर?" म्हणायच्या. शेवटी आम्ही जवळच तळमजल्यावर भाड्यानं जागा घेतली. पहिल्याच संध्याकाळी त्या कुणाला न सांगता फाटकापर्यंत चालत गेल्या आणि तिथे उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत राहिल्या. ते दोन वर्षं आधीच का केलं नाही, ही खंत मला अजून आहे. कारण तेव्हा आम्हाला आमचं घर सोडवत नव्हतं. त्यांचं काय चाललंय हे आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून सभेतलं तुमचं वाक्य तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खोल लागलं असणार. इथे येताना ती दोघं होती. आता त्या एकट्या आहेत. "इथे यायचं तरी कशाला" याचा अर्थ त्यांना "तुमचं आता इथे काय काम" असाही ऐकू आला असेल.

या सगळ्यात एक चूक ना तुमची, ना त्यांची. ज्येष्ठांसाठी म्हणून विकलेल्या घरात झोपायची खोली वरच्या मजल्यावर ठेवणं ही चूक बांधणाऱ्याची. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९ मध्ये निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला चालणारे उतार, भिंतीला आधाराच्या दांड्या, आणीबाणीत वैद्यकीय मदत, अशा गोष्टींचा त्यात विचार आहे. त्या बिल्डरवर कायद्यासारख्या बंधनकारक नाहीत, राज्यांनी स्वीकाराव्यात म्हणून दिलेला तो नमुना आहे. पण बिल्डरशी बोलायला बसताना त्या छापून हातात ठेवा. "ज्येष्ठांची वसाहत" हे शब्द त्यांच्या जाहिरातीत होते ना?

आता सहीकडे येते. आज संमतीपत्रावर सही करू नका. आणि 'इमारत नकोच' या कागदावरही करू नका. दोन्ही कागद तुम्हाला काही न दाखवता सही मागतायत.

तुमचं बुकिंग २०१८ चं आहे, म्हणजे करारावर रेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असण्याची शक्यता मोठी. तो आधी शोधा. सापडला तर २०१६ च्या रेरा कायद्याचं १४ वं कलम तुमच्या कामाचं आहे. मंजूर झालेल्या लेआउटमध्ये किंवा सामाईक जागेत बदल करायचा असेल, तर घरं घेतलेल्यांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची आगाऊ लेखी संमती बिल्डरला लागते. बिल्डर स्वतः त्यात मोजला जात नाही. एका कुटुंबानं तीन घरं घेतली असली तरी मोजताना ते एकच. ४२ घरांचे ४२ वेगळे मालक असतील तर २८ सह्या लागतात. निम्म्यांची संमती पुरत नाही. आणि लेखी म्हणजे लेखी. "उत्तर आलं नाही तर संमती समजू" हे वाक्य कितीही ठळक छापलेलं असो, तुमच्या गप्प बसण्यानं सही होत नाही. त्या तारखेचं दडपण मनातून काढून टाका. तरीही तारखेच्या आत दोन ओळींचं पत्र स्पीड पोस्टानं पाठवा: मंजूर नकाशा आणि इमारतीचा आराखडा बघितल्याशिवाय मी संमती देत नाही. पोच जपून ठेवा.

इथे एक सावधगिरी सांगते. काही खरेदीपत्रांत आगाऊ संमतीचं कलम घातलेलं असतं, "पुढे विस्तार केल्यास खरेदीदाराची हरकत राहणार नाही" अशा धर्तीचं. तसं काही तुमच्यात आहे का, हे बघा. असलं तरी लगेच हातपाय गाळू नका. वकिलाला दाखवा, कारण असं मोघम कलम प्रत्येक वेळी टिकतंच असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ती एकरभर जागा कागदावर काय आहे हा. तुम्ही सगळे सात वर्षं तिला 'आपली मोकळी जागा' म्हणताय. कागद तिला काय म्हणतो? मंजूर लेआउटमध्ये ती उद्यान किंवा खुली जागा म्हणून दाखवली असेल, तर तिथे इमारत उभी करणं फार अवघड आहे आणि तुमची बाजू भक्कम आहे. बंगळूरमध्ये मंजूर योजनेत उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी नर्सिंग होमसाठी देण्यात आली होती. तिथले रहिवासी कोर्टात गेले. बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा हा तो खटला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रहिवाशांच्या बाजूनं निकाल दिला. "तुमची वैयक्तिक हानी काय, तुम्ही कोण विचारणारे" हा मुद्दा तिथे टिकला नाही. त्या भागात राहणाऱ्याला तिथल्या उद्यानाबद्दल विचारायचा हक्क आहे, हे मानलं गेलं. आणि ते नर्सिंग होमसाठी होतं, म्हणजे उद्देश चांगला नव्हता असंही नाही.

जागा लेआउटमध्येच 'पुढचा टप्पा' म्हणून दाखवलेली असेल तर चित्र बदलतं. मग बिल्डर म्हणेल की यात बदल कसला, हे तर पहिल्यापासून ठरलेलं. तेव्हा तुम्हाला बुकिंगच्या वेळी कोणता नकाशा दाखवला, माहितीपत्रकात त्या जागी हिरवा रंग होता की चौकोन, याला महत्त्व येतं. जुनं माहितीपत्रक कुणाच्या तरी कपाटात असेलच, शोधा. आणि ती जागा वेगळ्या सर्वे नंबरची, बिल्डरची स्वतःची, लेआउटच्या बाहेरची निघाली, तर हे कटू आहे, पण इमारत होऊच नये असं म्हणायचा तुमचा हक्क बराच कमी होतो. मग रस्ता, पाणी, सांडपाणी, यावर बोलायचं. काहीही असलं तरी ४० फ्लॅटच्या नव्या इमारतीची रेराकडे स्वतंत्र नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला त्यातला एकही फ्लॅट जाहिरात करून विकता येत नाही किंवा बुकिंग घेता येत नाही. फाटकाजवळ फलक लागला असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

नकाशा मिळवायला कोर्टात जावं लागत नाही. नोंदवलेल्या प्रकल्पाची माहिती कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर बघता येते, नातवंडांपैकी कुणी सुटीत आलं असेल तर दहा मिनिटांचं काम. लेआउट बुडानं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणानं, मंजूर केला असेल तर तिथे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असं कायद्यात आहे, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये. मराठीत अर्ज देता येत नाही याचं मलाही वाईट वाटतं. पण हा महिना त्या वाईट वाटण्यात घालवू नका. आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच तर जिल्हा कायदे सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमच्या वसाहतीत अर्ज करायला बायका कमी नाहीत.

आता भाषेचं. सीमाभागात या गोष्टीचं दुखणं काय असतं हे मला कुणी सांगायला नको. माझ्या वडिलांच्या पिढीचं अख्खं आयुष्य १९५६ च्या त्या रेषेवर ताटकळत गेलं. ते दुखणं खरं आहे, म्हणूनच ते चिंचेखालच्या सभेत असं स्वस्तात वापरू द्यायचं नाही. "मराठी लोक विरोध करतात" म्हणे! वैनी कोण आहेत मग? त्या मराठी आणि इमारतीच्या बाजूनं. विरोधपत्र फिरवणाऱ्यांत कन्नड बोलणारे शेजारी एकही नाहीत का? असतीलच. गुडघ्यांना मातृभाषा नसते. पुढच्या सभेत कुणी हा विषय काढला तर वाद घालू नका. "नकाशा वाचू या" एवढंच म्हणा.

आणि तो नकाशा, ते खरेदीपत्र वाचणार कोण? सात वर्षं ते कपाटात बंद राहिलं, कारण ते कन्नडमध्ये आहे. तुमच्या वसाहतीत कन्नड उत्तम येणारे, कागदपत्रांतच नोकरी घालवलेले निवृत्त लोक नक्की आहेत. त्यातल्या त्यात इमारतीच्या बाजूनं असलेल्या एखाद्याला विनंती करा. हे मी मुद्दाम सांगतेय. चहा ठेवा, दोन्ही बाजूंची माणसं बसवा, आणि त्यांना खरेदीपत्र मोठ्यानं वाचायला सांगा. एक ओळ कन्नडमध्ये, मग तिचा अर्थ मराठीत. इमारतीच्या बाजूनं असलेल्या माणसानं वाचलेलं कलम विरोधातल्यांना मानावं लागतं, आणि वाचता वाचता त्यालाही कळतं की आपल्याला काय सांगितलं गेलं होतं आणि कागदात काय आहे.

पाण्याबद्दल मात्र मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रात पाण्याचा शब्दही नाही आणि मला सगळ्यात मोठी काळजी त्याचीच वाटते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर एवढा पाऊस की कुणी पाण्याचं नाव काढलं तर लोक हसतात. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि तरी इकडच्या बोअरवेल एप्रिलमध्ये खरवडायला लागतात. शहरी भागात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. ४० फ्लॅट, घरात दोन माणसं धरली तर रोज १०,८०० लिटर. त्यात कामवाल्या, नर्स, स्वयंपाकघर आलंच नाही. हे पाणी कुठून येणार? तुमच्याच बोअरमधून असेल तर पहिल्या उन्हाळ्यात टँकर येईल आणि त्याचं बिल सगळ्यांत वाटलं जाईल. टिळकवाडीत १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा येणाऱ्या लोकांसाठी विहीर खणली गेली होती. काँग्रेस विहीर अजून तिथे आहे. बिल्डरनं पाहुणे बोलावण्याआधी पाण्याचं सांगावं.

पावसाचं पाणी साठवायचं म्हटलं तर इमारतीचं छप्पर उपयोगी पडू शकतं, हेही त्याच दमात सांगते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५०० चौरस मीटर छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर. त्यातलं थोडं वाया जाणारच, पण नीट गाळून बोअरभोवती जिरवलं तर त्या ४० घरांची महिन्याभराहून अधिक गरज जमिनीत परत जाते. हे आराखड्यात आहे का, की नुसतं माहितीपत्रकात?

तुम्हाला माझं स्वतःचं मत हवं असेल तर ते असं. लिफ्ट असलेल्या, एका मजल्यावर सगळं असलेल्या काही जागा तुमच्या वसाहतीला हव्या आहेत. आज वैनींना हव्यात. आणखी सहा-सात वर्षांनी तुमच्या यजमानांना लागतील, आणि तेव्हा त्यांना ही माणसं, ही हवा सोडून पुण्याला मुलाकडे जावं लागू नये असं तुम्हालाच वाटेल. घरं वाढली तर पहारेकरी, माळी, गाडी, नर्स यांचा खर्च जास्त जणांत वाटला जातो, हाही बाजूच्या लोकांचा मुद्दा खोटा नाही. पण त्यासाठी पाच मजले लागतातच का? ४० फ्लॅट लागतातच का? आणि ते चिंचेखालीच लागतात का? ज्यांना आज जिना चढवत नाही त्यांनाही संध्याकाळी बसायला तीच सपाट वाट, तेच चार बाक हवेत. ते मोडून त्यांना लिफ्ट देणं म्हणजे एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घेणं. फाटकाच्या बाजूला बिल्डरकडे न विकलेली एखादी जागा आहे का, आणि तिथे लहान, दोन-तीन मजल्यांची इमारत का नको, हे कुणी विचारलंय?

आणि ती कुणासाठी, हे लेखी हवं. आधी इथल्या रहिवाशांना, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांना, बंगलोच्या बदल्यात फ्लॅट घ्यायचा पहिला हक्क, आणि अदलाबदलीतला स्टँप ड्यूटीचा खर्च कोण देणार हे स्पष्ट. उरलेल्या जागा ज्येष्ठांनाच, ही अट खरेदीपत्रात, तोंडी नाही. नाही तर गुंतवणुकीला घेतलेले फ्लॅट दर शनिवार-रविवार भाड्यानं जातील. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावलं पाहिजे, आम्ही त्या प्लास्टिकच्या खुर्चीपायी काय भोगलं ते तुम्हाला सांगितलंच. उतार १२ फुटांना एक फूट यापेक्षा चढा नको, नाही तर चाकाची खुर्ची ढकलणाराच पडतो. बांधकाम चाललं तर दुपारी दोन तास शांतता आणि धुळीला जाळी-पाणी, हे दम्याच्या माणसांसाठी आत्ताच लिहून घ्या. काम सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.

हे सगळं मागण्याची ताकद तुमच्या सहीत आहे, पण एकट्या तुमच्या नाही. २८ चा आकडा बिल्डरला हवा आहे. बाजूचे आणि विरोधातले मिळून एकच मागणीपत्र द्याल तर तो बसून बोलेल. दोन तट राहिले तर तो एकेकाच्या दारात जाऊन, एकेकाला काहीतरी सूट कबूल करून आकडा जमवेल.

आणि ते मागणीपत्र लिहायला तुम्हाला वैनी लागतील. घरात अडकणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला सांगता येणार आहे?

तर वैनींकडे जा. इमारतीबद्दल बोलायला जाऊ नका. वाटी घेऊन जा, भरलेली. दारातच सांगा, "सभेत मी बोलले ते चुकलं माझं." त्याला 'पण' जोडू नका. त्या रडतील, किंवा रागावतील, किंवा "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलतील. जे होईल ते होऊ द्या. मग वरची खोली कशी आहे विचारा. हवं तर "मी वर जाऊन खिडक्या उघडून येऊ का" म्हणा. चार महिने बंद असलेल्या खोलीला आपल्याकडच्या पावसात बुरशीचा वास येतो, आणि तो वास त्यांना खाली झोपल्या झोपल्या येत असणार.

आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: घराच्या कागदावर नाव कुणाचं आहे? यजमानांना जाऊन दोन वर्षं झाली. अशा घरांत पुष्कळदा वारसांची नावं लावायची राहून जातात, मुलं परदेशात असली की तर हमखास. वारस म्हणून त्यांचा हक्क आहेच. पण उद्या संमती मोजायला बसले तर मोजणारा कागदावरचं नाव बघतो, आणि त्या बाजूनं असोत की विरोधात, त्यांचं मत कुठे तरी अडकून पडतं. फ्लॅटची अदलाबदल करायची म्हटली तरी त्यांच्या नावाशिवाय एक पाऊल पुढे जाता येणार नाही. मृत्यूचा दाखला, वंशावळीचा दाखला, खरेदीपत्र, मुलांची संमती, हे गोळा करायचं. कन्नड कागदांसाठी ते वाचून दाखवणारे शेजारी आहेतच.

त्यांना एकटीला ऑफिसच्या फेऱ्या जमणार नाहीत. तुम्ही बरोबर जा. यजमानांना गाडी काढायला सांगा, आणि वैनींना पुढच्या सीटवर बसवा. तिथे गुडघा लांब करता येतो.